सेंद्रिय शेताची वर्गणी: हंगामाचे पैसे पेरणीआधीच द्यावेत का?

कोथरूडकर

आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी मिळून पुरंदर तालुक्यातल्या एका सेंद्रिय शेतकरी कुटुंबाकडे भाजीची वर्गणी लावली आहे. खरिपाच्या आणि रब्बीच्या तोंडावर चार-चार महिन्यांचे पैसे एकदम भरायचे आणि दर शनिवारी साधारण पाच किलोची टोपली घरपोच. टोपलीत काय असेल ते शेत ठरवतं. श्रावण-भाद्रपदात दोडका, पडवळ, घोसाळी, कारली, अळू. थंडीत चाकवत, अंबाडी, मुळा, पावटा, ओला हरभरा. पीक कमी आलं तर टोपली हलकी, भरघोस आलं तर जड. पैसे तेवढेच.

नव्या हंगामाची वर्गणी गोळा करताना वाद झाला. भाजी हातात पडल्यावर पैसे देऊ, आधी कशाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. माझ्या मते आधी पैसे देणं हाच या व्यवहाराचा गाभा आहे. भाजीपाल्यात खर्च सगळा आधी होतो: बियाणं, शेणखत, ठिबकच्या नळ्या, वेलांचा मांडव, खुरपणीची मजुरी. पैसा दिसतो तो पहिल्या तोडणीनंतर. मधला काळ शेतकरी उधारीवर काढतो आणि ती उधारी पुष्कळदा कृषी सेवा केंद्राची असते. ज्या दुकानाच्या वहीत नाव, तिथूनच खत उचलायचं, तिथूनच औषध. मावा दिसला की काय मारायचं हा सल्लाही तिथलाच. आपल्याला बिनविषारी भाजी हवी असेल तर ही उधारी आधी सुटायला हवी. भाजी घेऊन लगेच पैसे देणारा ग्राहक चांगलाच, पण त्याच्यामुळे पेरणीच्या वेळची अडचण सुटत नाही.

ठाण्याची नोकरदार

कोथरूडकर, कळकळ पोचली, हिशेब पटला नाही. घरात आम्ही तिघं, त्यातले दोघं रोज लोकलनं जाणारे. सलग तीन आठवडे पडवळ आलं तर ते फ्रीजमध्येच मऊ पडणार. अंबाडी निवडायला, अळू सोलून चिरायला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेक घरांत बाईचाच जातो. वर्गणीच्या हिशेबात तो कुणी धरत नाही.

आता जोखीम. पाऊस ओढ देईल, गारपीट होईल, टोपली अर्धी येईल, तरी आमचे पैसे गेलेलेच. शेतीची जोखीम उचलणं हे सरकारचं आणि विम्याचं काम आहे. घरकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या घरांवर ते टाकायचं आणि नाही म्हटलं तर आम्हाला शेतकऱ्याची जाणीव नाही असं म्हणायचं, हे मला मान्य नाही.

कोथरूडकर

ताई, निवडण्याचा वेळ हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे म्हणूनच काही घरांनी एक टोपली दोघांत घेतली. पण विम्याचं सांगा. पीक विम्यात आपल्याकडे खरिपाचा कांदा येतो. मेथी, दोडका, चाकवत कुठे येतात? भाजीपाला करणाऱ्या छोट्या शेतकऱ्याची जोखीम आज त्याच्या एकट्याच्या अंगावर आहे. आपण ती उचलायची नाही म्हटलं म्हणून दुसरं कुणी उचलत नाही.

आठवडी बाजार

या चर्चेत आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींचं नावच नाही. त्या पहाटे मार्केट यार्डात जातात, रोख पैसे मोजून माल उचलतात, संध्याकाळी उरलेली पालेभाजी पडत्या भावानं देतात. तीसुद्धा जोखीमच. अडीनडीला उधार देतात, पाव किलो मागितलं तर पाव किलो देतात. सोसायटीतली बरी कमाई असलेली घरं टोपलीकडे वळली की त्यांचा रोख गिऱ्हाईक तुटतो आणि हातगाडीवर उरतात ते घासाघीस करणारेच. एका कष्टकऱ्याला आधार देताना दुसऱ्याची रोजी आपण मोडतो आहोत का, एवढं तरी तपासा.

सासवडचा शेतकरी

मी स्वतः दोन एकरांत सेंद्रिय भाजीपाला करतो आणि पुण्यात थेट घरोघर देतो. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे बाहेर विकायला कायद्याची आडकाठी नाही. बाजारात काय होतं ते मी भोगलं आहे. मेथीची आवक वाढली की भाव कोसळतो. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन जी पट्टी (आडत्याचा हिशेब) हातात येते तिच्यातून काढणीची मजुरीही सुटत नाही. ठरलेला ग्राहक असण्याचं मोल आम्हाला चांगलं कळतं.

तरी मी हंगामाचे सगळे पैसे आधी घेत नाही. टोपलीची शेती फार अवघड आहे. एकरभर टोमॅटो लावला की एकच पीक, एकच वेळापत्रक. टोपलीत दर आठवड्याला सहा-सात प्रकार घालायचे तर शेतात एका वेळी पंधरा-वीस पिकं उभी लागतात. कोथिंबीर-मेथीचा नवा वाफा दर दहा-पंधरा दिवसांनी टाकावा लागतो, एक टप्पा चुकला की पुढची टोपली उघडी पडते. प्रत्येक पिकाची कीड वेगळी: कारल्या-दोडक्याला फळमाशी, भेंडीला तुडतुडे, टोमॅटोला नागअळी. जीवामृत, दशपर्णी, निंबोळी अर्क, सापळे, सगळं केलं तरी झड लागली की पालेभाजी सडतेच. मग ज्यांनी चार महिन्यांचे पैसे मोजलेत त्यांना काय तोंड दाखवायचं? आडत्याचं देणं पैशाचं असतं. ओळखीच्या घरांचं देणं मनाला लागून राहतं. मी वर्गणीचा तिसरा हिस्सा आधी घेतो, बियाणं आणि मजुरीपुरता. बाकी महिन्याच्या महिन्याला.

नमुना तपासणारी

पैसे कधी द्यायचे यावर एवढं बोलणं झालं. ते कशाचे देतो आहोत? सेंद्रिय असं कुणीही लिहितं. सेंद्रिय शेतीची हमी देणारी केंद्र सरकारची पीजीएस-इंडिया व्यवस्था २०११ पासून आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात पीजीएस-ग्रीन आणि ते पूर्ण झालं की पीजीएस-ऑरगॅनिक. बाहेरच्या संस्थेकडून घ्यायचं एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र छोट्या शेतकऱ्याला महाग पडतं, म्हणून तर हा मार्ग काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. पण सूट मिळाली म्हणून भाजी तपासली गेली असं होत नाही.

शेतावर जाऊन पाहिलं, माणसं चांगली आहेत, हे मी नेहमी ऐकते. आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत असतं. ते दिसत नाही आणि नुसतं धुऊन जात नाही. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतली फवारणी वाऱ्यानं येते ती वेगळीच. पीजीएस नसेल तर आगाऊ पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोथरूडकर

पाच शेतकऱ्यांचा गट व्हायला आसपास पाच सेंद्रिय शेतकरी हवेत. या कुटुंबाच्या गावात सध्या दोनच घरं आहेत. ग्राहक आधी उभे राहिले तर तिसरं आणि चौथं घर वळेल. प्रमाणपत्राची अट पहिल्याच दिवशी घातली तर ही दोन घरंसुद्धा पुन्हा उधारीवर जातील. तोवर एखाद्या टोपलीतला नमुना ग्राहकांच्या खर्चानं प्रयोगशाळेत पाठवू. तो खर्च शेतकऱ्यावर नको.

नागपूरकर

ही परदेशी पद्धत पुण्याच्या हवेत चालत असेल. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पालेभाजी टिकत नाही आणि विहिरी तळाला जातात. बारमाही वर्गणी इथे कशी चालवणार?

कोथरूडकर

पद्धत बाहेरची आहे हे खरं. जपानी ग्राहकांनी १९७० च्या दशकात ती उभी केली, अमेरिकेत १९८६ च्या सुमारास रुजली. पण मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ आजूबाजूच्या शेतकऱ्यांना घेऊन हंगामापुरतीच चालली, बारमाही नाही. उन्हाळ्यात वर्गणी बंद ठेवायला काय हरकत आहे? आमचीही खरीप-रब्बीचीच आहे.

ठाण्याची नोकरदार

सासवडच्या दादांचा तिसरा हिस्सा मला पटतो. माझ्या दोन अटी: टोपली पंधरवड्याला एकदा, आणि नको ती भाजी नाकारायची मुभा. हे जमत असेल तर ठाण्याच्या आसपास असा शेतकरी मी शोधते. चार महिन्यांचे पैसे मात्र एकदम भरणार नाही.

सासवडचा शेतकरी

ताई, पंधरवड्याची टोपली जमते, दोन घरांची जोडी लावून द्यायची. भाजी नाकारायची तर एकच, आणि शेंगा सोडून. चवळी, घेवडा, पावटा आम्ही जमिनीसाठीही लावतो. त्यांच्या मुळांवरच्या गाठींचं नत्र पुढच्या पिकाला मिळतं, युरिया आम्ही घालत नाही. पावटा सगळ्यांनीच नको म्हटला तर त्याच वाफ्यात पुढची वांगी मी कशावर काढू? अळू, अंबाडी, पडवळ यांतलं जे नको ते बी आणायच्या आधी सांगा, तेवढा वाफा मी कमी करतो.