वेंगर यांना आपण नेमके कशासाठी लक्षात ठेवायचे?

प्रश्न (मंगळवार पेठ): आर्सेन वेंगर यांनी १९९६ ते २०१८ अशी बावीस वर्षे आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब प्रशिक्षक म्हणून सांभाळला. २००३-०४ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेत, ३८ पैकी एकही सामना न हरणाऱ्या त्या संघावर माझा आजही तितकाच जीव आहे; पण शेवटची वर्षे आठवली की राग येतो. आपल्याला काय वाटते?

उत्तर १ (शिवाजी पेठ): २००६ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले आणि त्याच्या कर्जापायी फाब्रेगास, व्हॅन पर्सी यांच्यासारखे खेळाडू हातचे गेले, तरीही त्यांनी संघाला वर्षानुवर्षे पहिल्या चारांत ठेवले, याचे मोल आपण फार उशिरा ओळखले. व्हॅन पर्सी तर थेट प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडकडे गेला, ते मला अजून सलते.

उत्तर २ (राजारामपुरी): कर्जाची अडचण मान्य आहे, परंतु २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ८-२ असा पराभव झाला, त्यात बचावफळी पार उघडी पडली होती आणि तिची डागडुजी पुढेही नीट झाली नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा बचाव असा कोलमडला, तर प्रेक्षक प्रशिक्षकाला सोडतील का?

उत्तर ३ (कसबा बावडा): सोडणार नाहीत, हे खरे. मात्र २०१४, २०१५ आणि २०१७ चे एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेची विजेतेपदे) याच उतरत्या काळातले आहेत, ते हिशेबात धरावेत. त्यांनी २०१५ नंतर पायउतार व्हायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.