बागेतली गांडुळं समुद्रात आमिष म्हणून चालतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नदीवर गळ टाकायचा बऱ्याच वर्षांचा सराव आहे आणि आमिष कायम एकच, बागेतली गांडुळं. आता समुद्रावर जायला लागलोय. सवयीने डबा भरून गांडुळंच नेली. तीन खेपा झाल्या, मासा एकही नाही. दर वेळी तेच: थोड्या वेळाने दोर ओढला की गळाला फिकट, लुळं पडलेलं गांडूळ. वळवळ शून्य. नदीत हेच गांडूळ बराच वेळ जिवंत राहतं.

मला वाटतं दोष मिठाचा आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि गांडुळाच्या ओलसर कातडीतून पाणी सहज आरपार जातं, म्हणजे अंगातलं पाणी बाहेर खेचलं जात असणार. जीव असा फुकट जातो याचं वाईट वाटतं.

वाळूतले समुद्री किडे चांगले, हे ऐकून आहे. पण ते ओहोटीला खणावे लागतात आणि मला सवड मिळते ती नेमकी भरतीला. गांडुळांनीच काही जमेल का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
तुमचा अंदाज बरोबर आहे. खुल्या समुद्रात गांडुळाचा नाद सोडा. तिथल्या माशांना वाळूतल्या किड्यांचा वास ओळखीचा, गांडुळाचा नाही. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मात्र जरूर करून बघा. पाणी मचूळ असतं, गांडूळ जास्त टिकतं, आणि पुरात वाहून आलेली गांडुळं तिथल्या माशांनी खाल्लेली असतात. वाम तर हमखास घेते. दर पाच-दहा मिनिटांनी आमिष बदला आणि गळाच्या टोकाला माकुळाची (स्क्विडची) पट्टी लावा, म्हणजे मऊ गांडूळ फेकताना निसटणार नाही. खतातली बारकी लाल गांडुळं टाळा, डिवचली की पिवळा उग्र द्रव सोडतात. सवड काढून एकदा ओहोटीला जाच: वाळूवर शेवयांसारखी वेटोळी दिसली की खाली किडा आहे. खणलेला खड्डा तेवढा बुजवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! माकूळ सुचलंच नव्हतं. रविवारी नदीच्या मुखाशी जातो आणि इथेच कळवतो. वामीसाठी गळ किती नंबरचा घेऊ?