‘लंबवर्तुळ’, ‘नाभी’ आणि ‘विमध्यता’

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीवर असतो, हा केप्लरचा नियम वाचून तिने विचारले, “आई, नाभी म्हणजे बेंबी ना? मग सूर्य मधोमधच आला की!” तिला काय सांगावे?

उत्तर : ताई, मुलीची शंका रास्त आहे. चाकाचे आरे जिथे एकत्र येतात त्या भागालाही नाभीच म्हणतात, त्यामुळे मन केंद्राकडे धावते. केप्लरने 1604 साली या बिंदूसाठी योजलेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘चूल’ असा आहे, आणि चूल घराच्या मधोमध असावी लागत नाही. तरीही ‘नाभी’ आता पुरता रुळला आहे, तो राहू द्यावा.

मला अधिक खटकतो तो ‘लंब’. हा शब्द ऐकून मुले काकडीसारखी कक्षा काढतात आणि सूर्य दूर गेला की हिवाळा, असे मानून बसतात. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, पुण्यात पहाटे शाली निघतात तेव्हा.

मागच्या रविवारी कोथरूडच्या घरी पुतणीबरोबर पुठ्ठ्यावर पृथ्वीची कक्षा काढली. अर्धा दीर्घ अक्ष, म्हणजे कक्षेच्या सर्वांत मोठ्या व्यासाचा निम्मा भाग, 10 सेंटिमीटर धरला, तर दोन नाभींच्या जागी टोचलेल्या टाचण्यांमध्ये जेमतेम 3.3 मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. दोऱ्याच्या फासात पेन्सिल ताणून फिरवली आणि शेजारी कंपासने वर्तुळ काढले, तेव्हा दोन्हींत फरक दिसेना, कारण तो मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढाच असतो. सूर्याची टाचणी मात्र मध्यापासून 1.7 मिलिमीटर सरकलेली स्पष्ट दिसत होती. म्हणून कक्षेचे खरे लक्षण लांबट असणे हे नव्हे, तर सूर्य मध्यावरून ढळलेला असणे हे आहे, आणि ते ‘विमध्यता’ या शब्दात नेमके उतरते. मध्यापासून नाभीपर्यंतच्या अंतराला अर्ध्या दीर्घ अक्षाने भागले की विमध्यता मिळते: पृथ्वीची 0.0167, मंगळाची 0.093, तर बुधाची 0.206 आहे.

जाता जाता ‘मंदोच्च’ हा आपला जुना शब्दही मुलीला सांगावा. कक्षेच्या दूरच्या टोकाला गती सर्वांत मंद असते, हे त्यात नावापासूनच आहे. गुरुत्वाकर्षणाची ओढ सदैव सूर्याच्याच दिशेने असल्याने ग्रह व सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. सूर्याजवळ ही रेषा आखूड असते, म्हणून तेवढेच क्षेत्रफळ व्यापायला पृथ्वी जानेवारीत सेकंदाला सुमारे 30.3 किलोमीटर धावते, तर जुलैच्या आरंभी 29.3.