कर ४०० रुपये, विलंब शुल्क १०००. हे बरोबर आहे का?

खिळेजुळारी
साताऱ्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. कामगार दोन, दोघांचा मिळून महिन्याचा व्यवसाय कर ४०० रुपये. पीटीआरसी (कामगारांचा हा कर कापून भरायची मालकाची नोंदणी) काढली, वाटलं वर्षातून एकदा विवरणपत्र भरायचं. नवीन नोंदणीला पहिल्या वर्षी ते दर महिन्याला लागतं, हे कुणी बोललंच नाही. पाच महिने राहिले. कर २०००, विलंब शुल्क ४२००! चार महिन्यांचे हजार-हजार, शेवटचं मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत भरलं म्हणून २००. वर व्याज. माझा स्वतःचा व्यवसाय कर, पीटीईसीचा, वर्षाला २५०० वेगळाच. नाकापेक्षा मोती जड झाला की नाही?

आकडेमोड
ते ४०० तुमचे नाहीतच हो. कामगारांच्या पगारातून कापायचे असतात. मग पाच महिने तुमच्या गल्ल्यात काय करत होते? मी करसल्लागार आहे. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापायचे, हेही लोकांना सांगावं लागतं.

खिळेजुळारी
कापले कुठे? १३ हजार पगार, त्यातून काय कापणार! पदरचेच भरले.

जुना पुणेकर
जकातीचे दिवस बघितले नाहीत वाटतं. कागदाची रिमं आणली की टेम्पो नाक्यावर उभा. २०१३ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही २०१५ला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना माफ झाला. दुकान कायद्यातही २०१७ला दहाच्या आत कामगार असलेल्यांची नोंदणी जाऊन नुसती ऑनलाइन सूचना आली. त्या मानाने सुखात आहात.

वांगीभात
म्हणजे आधी जास्त छळ होता म्हणून आताचा गोड मानायचा?
व्यवसाय कर रद्द करा असं मात्र मी म्हणणार नाही. १९७५ला तो रोजगार हमीसाठी लावला, ७२च्या दुष्काळानंतर. माझ्या आजीने खडी फोडलीये त्या कामांवर. पण घटनेतली वर्षाला २५००ची कमाल मर्यादा १९८८पासून तीच आहे. बड्या सर्जनलाही २५००, या प्रेसवाल्यालाही २५००. खरी गोम तिथे आहे.

आकडेमोड
ते मान्य. पण विलंब शुल्क काढलं तर वेळेवर कोण भरेल? माझे अशील तर नक्कीच नाहीत.

खिळेजुळारी
काढा कोण म्हणतंय? कराच्या प्रमाणात घ्या. ४००ला ४० घ्या, १०० घ्या. आणि दंड-व्याज माफ करणारी अभय योजना आली की कळवा, तिची हँडबिलं फुकट छापून देतो.