मदत हवी आहे: फ्लेक्सिटँकमधलं ग्लिसरीन शेवटपर्यंत निघत नाही (कुंडई, गोवा)

मांडवीकाठ:

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधी दर्जाचं ग्लिसरीन (९९.७ टक्के) वीस फुटी कंटेनरमधल्या फ्लेक्सिटँकमधून (कंटेनरच्या आत पसरलेली, द्रव भरायची मोठी प्लास्टिकची बॅग) येतं. एका खेपेला २४ टन. बॅग खालून रिकामी करायची, ३ इंची व्हॉल्व्ह, कॅमलॉक जोड (कान दाबून होज अडकवायची जोडणी). सध्याची मांडणी अशी:

व्हॉल्व्हला ३ वरून २ इंचाचा रिड्यूसर, पुढे २ इंची जाळीचा पीव्हीसी होज १० मीटर, आणि स्टोरेज टाकीशेजारी ५ एचपीचा सेंट्रिफ्यूगल (फिरत्या पंख्याचा) पंप. सक्शनवरच (पंपाच्या ओढणाऱ्या बाजूलाच) स्ट्रेनर, म्हणजे गाळणी. पावसाळ्यात मालाचं तापमान २६-२७ अंश असतं.

सुरुवातीला माल बरा येतो, मग धार बारीक होत जाते. पाच तासांनी साधारण अडीच टन बॅगेत तसाच राहतो, होज चपटा होतो आणि बॅगेची फिल्म व्हॉल्व्हच्या तोंडात ओढली जाऊन पंप खडखडू लागतो. यार्डाचा उतार गेटकडे आहे, ट्रेलर टाकीकडे पाठ करून लागतो.

विचारायचं हे: माल गरम करावा का? वरून कॉम्प्रेसरची हवा मारून बॅग दाबली तर चालेल का? कोणी सुचवलं की शेवटी बॅग कापून बादल्यांनी काढा. आधी विचारून घ्यावं म्हटलं.

—

व्हॉल्व्हआणिवायसर:

हवा अजिबात नको. फ्लेक्सिटँक हे प्रेशर व्हेसल नाही. पॉलिथिलीनच्या फिल्मचे थर आणि बाहेरून विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं कापड, एवढीच त्याची ताकद. ती कंटेनरच्या भिंती आणि दारापाशीचा बल्कहेड (आडव्या पट्ट्यांची आधारभिंत) यांच्या आधारावर उभी असते. आत हवा भरली की फुगवटा आधी बल्कहेडवर येतो आणि त्याच्यासमोर माणूस उभा असतो. आयएसओ टँकसारखी (कंटेनरच्या मापाची पोलादी टाकी) हवेची व्हेंट उघडायचीही गरज नाही, माल निघेल तशी बॅग आपोआप बसत जाते.

कापणंही नको. एकदा पातं लागलं की उरलेला माल औषधाच्या कामाचा राहत नाही. शिवाय कंटेनरच्या प्लायवूडच्या तळात ग्लिसरीन मुरलं की शिपिंग लाइन सफाईचे पैसे लावते.

आधी दोन आकडे द्या: कंटेनरच्या लांबीत उतार नक्की किती आणि कुठल्या बाजूला? गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब लावून मोजा. आणि होजच्या आत तार आहे की नुसती दोऱ्याची जाळी?

—

मांडवीकाठ:

मोजलं. दाराकडची बाजू ९ सेंटिमीटर उंच आहे, ड्रायव्हरकडची खाली. होजमध्ये तार नाही, दोऱ्याची जाळी आहे.

—

व्हॉल्व्हआणिवायसर:

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद. उलट्या दिशेला ९ सेंटिमीटरचा उतार म्हणजे पुढच्या टोकाला पाचरीच्या आकाराचं डबकं साचतं: ५.९ × २.३ × ०.०९, त्याचं निम्मं. साधारण ६०० लिटर. ग्लिसरीनची घनता १.२६, म्हणजे साडेसातशे किलो. जगातला कुठलाही पंप ते व्हॉल्व्हपर्यंत चढवून आणणार नाही.

—

पाईपलाईन_डिचोली:

आणि उरलेलं अर्धं सक्शन होजमध्ये आहे. हा हिशेब थोडा सविस्तर देतो, कारण चूक पंपाची वाटते आणि असते होजची. लोक पंप बदलत बसतात.

शुद्ध ग्लिसरीनची घट्टता २० अंशाला सुमारे १४०० सेंटीपॉइज, ३० ला ६००, ४० ला २८०. तुमच्या २७ अंशाला ८०० धरा. ताशी १० घनमीटर ओढायचं म्हटलं तर २ इंची होजमध्ये दर मीटरला जवळपास ०.१३ बार दाब खर्च होतो. दहा मीटरला १.३ बार. पण ओढायला आपल्याकडे हवेचा दाब असतोच मुळी १ बार! बॅग भरलेली असताना द्रवाची उंची आणि ट्रेलरची उंची मिळून ०.३ बार मदतीला येतात, म्हणून सुरुवात बरी होते. बॅग बसत गेली की ती मदत निम्म्यावर येते आणि धार बारीक होते. तुमच्याकडे पाच तासांत साडेएकवीस टन निघतात, म्हणजे ताशी साडेतीन घनमीटरसुद्धा नाही. हिशेबाशी अगदी जुळतं.

अशा जाड द्रवाच्या संथ प्रवाहात दाबाचा खर्च व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. तोच होज ३ इंची केला तर खर्च पाचव्या हिश्शावर, दहा मीटरला ०.२७ बार. आणि ३ इंची होज फक्त ३ मीटर ठेवला तर ०.०८. त्यामुळे:

पंप टाकीजवळून उचला आणि कंटेनरच्या दाराशी आणा. सक्शन शक्य तेवढं आखूड, पूर्ण ३ इंची, पोलादी तारेचा फूड ग्रेड होज. रिड्यूसर काढून टाका. लांबी जेवढी हवी तेवढी डिलिव्हरीला (पंपाच्या पुढच्या बाजूला) द्या, तिथे पंप ढकलतो, ओढत नाही. डिलिव्हरी ३० मीटर झाली तरी ३ इंचीत ०.८ बारच लागतात. स्ट्रेनरसुद्धा डिलिव्हरीवर न्या, सक्शनवरची जाळी म्हणजे आधीच तोकड्या श्वासावर हात ठेवण्यासारखं आहे.

पंप लोब किंवा गिअर टाइप (दर फेरीला ठरावीक माल ढकलणारा) घ्या. ८०० सेंटीपॉइजला सेंट्रिफ्यूगलची क्षमता पार कोसळते. ताशी १० घनमीटरसाठी गिअर मोटरसह ५ एचपी पुरते, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) मात्र हवाच, शेवटच्या टप्प्यात त्याच्याशिवाय निभावत नाही. आणि एक इशारा: हा पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून कधीही चालवू नका. सेंट्रिफ्यूगलची सवय असलेला ऑपरेटर नेमका हेच करतो. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारा) बसवलेला आणि तपासलेला असू द्या, नाहीतर होज कॅमलॉकमधून सुटून येईल.

—

सत्तरीकर:

गरम करण्याबद्दल: हीटर पॅड बॅगेच्या खाली, माल भरण्याआधीच टाकावा लागतो. इथे पोहोचलेल्या कंटेनरमध्ये नंतर घालता येत नाही. बाहेरून ब्लोअर लावून २४ टन माल चार अंश चढवायलाही दिवस जाईल. वाफेची नळी किंवा गरम पाणी बॅगेजवळ नेऊ नका, फिल्म मऊ पडते. गोव्याच्या हवेत ग्लिसरीनला गरम करायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. पाम स्टिअरीन वगैरे गोठणाऱ्या मालाची गोष्ट वेगळी.

—

पाईपलाईन_डिचोली:

सहमत. फक्त डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगेकडे पहाटे माल २० अंशाजवळ आलेला असू शकतो, तेव्हा घट्टता पावणेदोनपट होते. तेव्हा सकाळी आठऐवजी दुपारी बाराला सुरू करा, आणि ताशी १० ऐवजी ६ घनमीटरवर चालवा.

—

व्हॉल्व्हआणिवायसर:

आता ट्रेलर. उतार गेटकडे आहे ना? मग ट्रेलर उलटा लावा, दार गेटकडे, केबिन टाकीकडे. जो उतार आज आडवा येतोय तोच कामाला येईल. पंप दाराशी आहे, डिलिव्हरी होज कंटेनरच्या बाजूने टाकीपर्यंत न्यायचा. मीटरमागे ३ सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम, निम्मा मिळाला तरी चालेल. कमी पडला तर घोड्याची (ट्रेलर ओढणाऱ्या केबिनच्या गाडीची) मागची चाकं पक्क्या लाकडी उतरंडीवर चढवा. ट्रेलरच्या मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावल्याशिवाय कोणी कंटेनरला हात लावायचा नाही.

दार उघडताना: फक्त उजवं दार उघडायचं, समोर उभं राहिल्यावर उजव्या हाताचं. डावं पूर्ण काम होईपर्यंत बंद, बल्कहेडला त्याचा आधार असतो. आधी कडीची एकच दांडी सैल करून फटीतून बघा. बल्कहेडच्या आडव्या पट्ट्या बाहेर वाकलेल्या दिसल्या तर दार तसंच धरून बंद करा आणि पुरवठादाराला बोलवा. दाराच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

व्हॉल्व्हची टोपी काढण्याआधी खाली ट्रे. कॅमलॉकचं गास्केट नवीन घाला, त्यावर सक्शन अवलंबून आहे. बारीक हवा आत घेणारं गास्केट गळताना दिसत नाही, फक्त पंप खडखडतो. होज जोडून, दोन्ही कान बसवून पिना लावल्यावरच व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. होज भरला की मग पंप.

—

लॅबकाम:

मध्येच एक महत्त्वाचं. औषधी दर्जाचा माल आहे तर प्रयोगशाळेने हिरवा कंदील दिल्याशिवाय टाकीत एक थेंब जाऊ देऊ नका. व्हॉल्व्हमधून पहिले एक-दोन लिटर वेगळे काढा, मग नमुना. ओळख चाचणीसोबत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल तपासलंच पाहिजे, अमेरिकन फार्माकोपियात मर्यादा प्रत्येकी ०.१० टक्के आहे. २०२२ साली गांबियातल्या खोकल्याच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला तो याच दोन विषांमुळे. पुरवठादाराच्या कागदावर भागवू नका, आणि आधीची खेप चांगली होती म्हणून ही चांगली, असंही धरू नका. टाकीत जुन्या मालात मिसळलं की मागे फिरता येत नाही.

पावसात ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. टाकीच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाला) सिलिका जेलचं डबडं लावा आणि कॅमलॉकवर ताडपत्रीचं छप्पर करा.

—

मांडवीकाठ:

खूप मोलाची माहिती. ट्रेलर फिरवायला जागा आहे. आता शेवटचा टप्पा सांगा. फिल्म व्हॉल्व्हात ओढली जाते तेव्हा नक्की काय करायचं? आणि माणूस आत कधी जातो?

—

व्हॉल्व्हआणिवायसर:

फिल्म ओढली जाते कारण व्हॉल्व्हजवळ द्रव पोहोचतो त्यापेक्षा पंप जास्त मागतो. उपाय वेग कमी करणं. वजनकाट्याचं किंवा टाकीच्या लेव्हलचं गणित मांडून दोनेक टन उरले की ताशी ५ घनमीटरवर या, पाचशे किलो उरले की २ वर. तरीही ओढली गेली तर पंप थांबवा, दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या, घट्ट द्रव हळूहळू पुन्हा व्हॉल्व्हपाशी येतो. व्हॉल्व्हच्या वरची फिल्म बाहेरून तळव्याने उचलून धरायची. हूक, काठी, पक्कड काही नाही. पुरवठादाराला सांगून पुढच्या खेपेला व्हॉल्व्हच्या आतल्या तोंडाशी जाळीची नळी किंवा फिल्म न चिकटू देणारी चकती असलेली बॅग मागवा, फरक पडतो.

आत जाणं: बॅग पूर्ण सपाट होऊन पुढच्या टोकाला माल नाही हे टॉर्चने दिसल्यावरच. मग बल्कहेडच्या पट्ट्या वरून खाली एकेक काढायच्या. दोन माणसं, स्वच्छ मऊ तळव्याचे बूट, पट्ट्याचं बकल नाही, खिशात पाना-चाकू नाही, तिसरा माणूस दाराशी. ग्लिसरीनची वाफ त्रासदायक नसली तरी बंद डब्यात उन्हाळ्यात उष्माघात होऊ शकतो, दहा मिनिटांनी माणूस बदला. केबिनकडच्या टोकापासून सुरुवात. दोन्ही कडा उचलून मधे आणायच्या, मग सतरंजी गुंडाळतात तशी दोनेक फुटांची घडी करत दाराकडे यायचं. घाई केली की द्रव घड्यांत अडकतो. प्रत्येक घडीनंतर पंपाला अर्धा मिनिट. हे नीट झालं तर फिल्मला चिकटलेले वीस-तीस किलोच मागे राहतात.

वजन करताना रिकामा ट्रेलर बॅग आत ठेवूनच काट्यावर न्या, फरक थेट मालाचा मिळेल.

—

सत्तरीकर:

बॅग धुवायचा मोह टाळा. वीस किलो ग्लिसरीन पाण्यात गेलं की सुमारे चोवीस किलो सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) पडतो, छोटा ईटीपी एका दिवसात बसतो. पावसात यार्डात सांडलं तर लाकडाच्या भुशाने टिपून घ्या, गटारात लोटू नका. कुंडईतून पाणी शेवटी कुणाच्या तरी शेतात आणि विहिरीत जातं.

बॅग एकदाच वापरायची. व्हॉल्व्ह काढून, तोंड बांधून, आतली फिल्म आणि बाहेरचं विणलेलं कापड वेगळं करून रिसायकलरला द्या, दोन्हीचं प्लास्टिक वेगळं असतं. रिसायकलरची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नोंदणी बघून, वजनाची पावती घेऊन.

—

मांडवीकाठ:

सर्वांना देव बरें करूं. ३ इंची तारेच्या होजची आणि व्हीएफडीसह लोब पंपाची मागणी टाकतो. एकच शंका: पंपाच्या सक्शनवर व्हॅक्यूम गेज लावावा का?

—

पाईपलाईन_डिचोली:

जरूर लावा, पंपाच्या तोंडापासून एका फुटाच्या आत. काटा उणे ०.३ बारच्या पलीकडे जाऊ लागला की वेग कमी करायचा. काटा थरथरू लागला तर फिल्म ओढली जातेय. आणि पंप खडखडत असताना काटा शून्याजवळच बसला, तर कॅमलॉकचं गास्केट बघा.