मदत हवी आहे : कढीपत्त्यावरील फुलपाखरांच्या कोषांना भोके पडत आहेत

नमस्कार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि घराला जोडून एक लहान मोकळी गच्ची आहे. ओवळेकर वाडीतील फुलपाखरू उद्यान पाहून आल्यावर मी आमच्या गच्चीत पेंटास, एक्झोरा आणि हळदीकुंकू ही फुलझाडे लावली. परंतु फुलपाखरे मधासाठी येऊन लगेच निघून जात. अळ्यांच्या खाद्यासाठी कढीपत्ता आणि कागदी लिंबू मोठ्या कुंड्यांत लावले, तेव्हापासून कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरे येथेच अंडी घालू लागली. पावसाळा सरला की सकाळी नऊ-दहाच्या उन्हात त्यांची ये-जा सर्वांत जास्त असते. मादी फुलावर बसते तशी कढीपत्त्यावर स्थिरावत नाही. पंख फडफडवत पुढच्या पायांनी पान चाचपते, पोटाचे टोक वळवून कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट पिवळे अंडे चिकटवते आणि क्षणात दुसऱ्या फांदीकडे जाते. आईने तर झाडावरची पाने अळ्यांसाठी राखून ठेवली असून फोडणीचा कढीपत्ता ती आता बाजारातून आणते. (तो फवारलेला असू शकतो, म्हणून अळ्यांना मात्र घालत नाही.)

अडचण कोषांची आहे. या हंगामात मी अकरा कोष मोजले, त्यांपैकी चारच उमलले. फुलपाखरू बाहेर येण्याच्या सुमारास कोष गडद होतो आणि आतील पंखांची नक्षी दिसू लागते, हे मी पाहिले आहे. मात्र उरलेले सात कोष नक्षी न दिसताच मळकट तपकिरी झाले, हात लावल्यावर जराही हलले नाहीत आणि काही दिवसांनी त्यांना सुईच्या टोकाएवढी भोके पडली. एका कोषातून तर मुंगीहूनही लहान, चमकदार हिरवट गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडताना मी स्वतः पाहिल्या. अशीच एक माशी कोष करण्याच्या तयारीत स्थिर झालेल्या अळीच्या पाठीवर बराच वेळ बसून होती; कातडी टाकल्यानंतर कोष मऊ असतो, त्या वेळी ती त्यात अंडी घालत असावी, असा माझा तर्क आहे.

शेजारच्या काकूंनी आपुलकीने निंबोळी तेल फवारण्यास सुचवले, पण त्याने अळ्याच मरतील, त्यामुळे तो मार्ग मला मान्य नाही. पूर्ण वाढलेली हिरवी अळी खाणे थांबवून जागा शोधू लागली की तिला फांदीसह जाळीत ठेवावे, असा विचार आहे. मच्छरदाणीच्या जाळीतून या माश्या सहज आत जातील असे वाटते. मग कोणते कापड वापरावे, ज्यातून हवा खेळेल आणि ओल धरून बुरशी येणार नाही? रेशमी धाग्याने फांदीला बांधलेला कोष हलवायचा झाल्यास तो धागा न तुटता कसा हलवावा? आणि ज्यांनी अनेक वर्षे अशी बाग सांभाळली आहे, त्यांनी हेही सांगावे की या माश्यासुद्धा बागेच्याच रहिवासी मानून सर्व कोष उघड्यावर सोडावेत, की निम्मे तरी जाळीत ठेवावेत?

आज लिंबावर पूर्ण वाढलेल्या तीन अळ्या आहेत आणि त्यांपैकी एकीने सकाळपासून पानाला तोंड लावलेले नाही, म्हणून शक्य तितक्या लवकर मार्गदर्शन करावे, ही विनंती.