सूर नव्हे, वाद्यच बदलतं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या गाण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की शेवटी सॅक्सोफोन अचानक बारीक होतो, ती मिक्सिंगची करामत. नाही हो, तिथे वाद्यच बदलतं. सॅक्सोफोनवादक डिक पॅरी (बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याचा केंब्रिजचा जुना मित्र) सुरुवात बॅरिटोनवर, म्हणजे मोठ्या, खालच्या सुराच्या सॅक्सोफोनवर करतो, आणि लय दुप्पट झाल्यासारखी वाटते तिथून टेनर, म्हणजे त्याहून लहान, वरच्या सुराचा सॅक्सोफोन येतो. 1975 च्या रेकॉर्डवर नीट कान दिला तर सांधा ऐकू येतो.

खरी कसरत स्टेजवर. बॅरिटोन पाच-सहा किलोंचा, म्हणून तो स्टँडवर लावायचा आणि टेनर गळ्यातल्या पट्ट्याला. मग अदलाबदल एका श्वासात होते. बोटं जवळपास तीच, पण पट्टी वेगळी: गाणं जी मायनरमध्ये, ते बॅरिटोनवर ई मायनर आणि टेनरवर ए मायनर म्हणून वाजवावं लागतं. त्याहून त्रासदायक म्हणजे ओठ. बॅरिटोनच्या मोठ्या माउथपीसला (तोंडात धरायच्या भागाला) ओठ सैल लागतात. तेच सैल ओठ टेनरला लावले की पहिलाच सूर उतरलेला निघतो. त्यात टेनर तोवर गार पडलेला, रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) सुकलेली. गार नळीचा सूर मुळातच खाली असतो. म्हणून आधीच्या लांबलचक गिटारच्या भागात टेनरमध्ये आवाज न काढता गरम फुंकर मारत राहायची, रीड ओली ठेवायची, आणि तरीही कमी पडलं तर माउथपीस नळीच्या टोकावरच्या कॉर्कवर मिलिमीटरभर आत ढकलायचा. त्याहून जास्त ढकललात तर वाद्य तापल्यावर सूर चढतो.